हिच्या कांडपाला आलेल्या हरकती

माझ्या घराच्या तीन बाजूंना तीन घरं आहेत. सात वर्षं त्या तिन्ही घरांच्या भाजीत माझ्या बायकोनं कांडलेलं तिखट पडत होतं, आणि त्याच तिन्ही घरांनी तिच्या कांडपाविरुद्ध महापालिकेत लिहून दिलं. लोक म्हणतात, झालं ते झालं, सोडून द्या. मी सोडून देणाऱ्यातला नाही. पण रोज तोच राग उगाळत बसण्यापेक्षा एकदा सगळं क्रमानं लिहून काढावं म्हणून बसलोय. त्यात माझं जे आहे तेही लिहीन.

मी मूळचा वडीगोद्रीकडचा. सातवीत शाळा सुटली आणि चुलत्याच्या मागे बैलबाजारात जाऊ लागलो. तिथे भाव तोंडानं सांगत नाहीत. दलाल खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो, रुमालाखाली समोरच्याची बोटं धरतो आणि दाबून आकडा सांगतो. विकणाऱ्याला एक, घेणाऱ्याला दुसरा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. तिथे मी दोन गोष्टी शिकलो. शेवटचा आकडा आधी सांगायचा नाही, आणि एकाशी ठरलेलं दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. या दोन गोष्टींवर मी उभा राहिलो. बैल कमी झाले तेव्हा जुन्या ट्रॅक्टरच्या खरेदी-विक्रीत शिरलो, त्यातून जालन्यात अंबड रोडच्या अंगाला प्लॉट घेतला, घर बांधलं. कुणाचा एक रुपया फुकट घेतला नाही आणि कुणाला फुकट दिला नाही.

माझं डोकं लवकर तापतं, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. त्यातलं अर्धं खरं असतं, अर्धं सौद्यासाठी असतं. घरच्यांना मात्र हे अर्धं-अर्धं वेगळं करून घेता येत नाही.

हिनं लग्नापासून माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी आणीन ते लुगडं आणि मी ठेवीन तिथे घर. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, त्याच्या दुसऱ्या महिन्यात ही म्हणाली, "मला एक कांडप मशीन घेऊन द्या."

"कशाला?"

"दिवस जात न्हाई. आन् गल्लीतल्या बायका मिरची घेऊन जुन्या जालन्यात जातात, दोन-दोन तास उन्हात लाईन लावतात. इथंच करीन म्हणते."

मी मशीनवाल्याशी दुपारभर भांडलो आणि मशीन आणलं. गाडी लावायला म्हणून बांधलेल्या समोरच्या खोलीत ते बसवलं. मला वाटलं होतं चार महिन्यांची हौस आहे. पण फाल्गुन उजाडला की आमच्या ओट्यावर स्टीलच्या डब्यांची रांग लागायला लागली. डब्यांवर फडकी बांधलेली, बायका पदर नाकाला लावून बसलेल्या, शिंकतायत आणि हसतायत. मशीनच्या धपधपीत एकमेकींशी ओरडून बोलतायत. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत येसराची, म्हणजे भाजून कांडलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी लागते. हिच्या येसराचा बोलबाला एवढा झाला की तीर्थपुरीकडूनही डबे यायला लागले. डब्याचं झाकण उघडलं की हिला कळायचं मसाला कुणाच्या घरचा आहे. एकदा एक बाई डबा घेऊन आली, तर ही वास घेऊन म्हणाली, "हा तुमचा न्हाई, हा तुमच्या जावेचा डबा हाये. तिच्या मसाल्यात दगडफूल जास्ती असतं." खरंच डबे बदललेले होते. ती बाई महिनाभर सगळ्यांना सांगत फिरली.

मी बाजारात नाव कमावलेला माणूस, पण आमच्या गल्लीत लोक मला "कांडपवाल्या काकूंचे मालक" म्हणून ओळखायला लागले. मला ते लागायचं, आणि आवडायचंही.

सातव्या वर्षी हिला दुसरं, मोठं मशीन हवं झालं. मिरचीला एक, येसराला एक. मोठ्या मशीनला थ्री फेजचं कनेक्शन लागतं. वीज कंपनीनं सांगितलं, महापालिकेचा कागद आणा. महापालिकेत कळलं, आमचा प्लॉट निवासी आहे, धंद्यासाठी वापर बदलून घ्यावा लागेल. त्यासाठी तिन्ही लगतच्या घरांच्या लेखी संमत्या, मग नोटीस, मग हरकती असतील तर सुनावणी. तिथला बाबू भला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अर्ज करायच्या आधी विचार करा. एकदा अर्ज आला की आम्हाला निर्णय द्यावाच लागतो. नामंजूर झाला तर आज चालू आहे तेही बंद करावं लागेल."

मी घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "मी बोलते बायकांशी." दोन दिवसांनी स्वयंपाक करता करता म्हणाली, "तिन्ही घरच्या हो म्हणल्या. तुम्ही फक्त कागद घेऊन जा आन् सह्या घेऊन या. जास्ती बोलू नका."

ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. चाळीस वर्षं मी बोलूनच तर खाल्लं. मी म्हणालो, "बायकांच्या 'हो'वर महापालिका शिक्का मारत न्हाई. सह्या गडी माणसांच्या लागतात, आन् त्या कशा घ्यायच्या ते मला कळतं."

पहिल्यांदा मी पश्चिमेच्या घरी गेलो. तिथला तरुण बियाण्याच्या कंपनीत नोकरीला आहे, मला काका म्हणतो. त्यानं कागद वाचला, पेन काढलं आणि सहज म्हणाला, "फक्त आईला दम्याचा त्रास आहे काका, तेवढं..." आणि थांबला. आज मला वाटतं, तो वाक्य पुरं करून सही करणार होता. पण बाजारात गिऱ्हाईक असं थांबलं की आपण तिथेच हात घालायचा असतो. मी लगेच म्हणालो, "धूळ बाहेर फेकायचा पंखा तुमच्या बाजूला बिलकुल लावणार न्हाई. आन् मिरची सकाळच्या पारी टाकणार न्हाई, दुपारीच टाकू. सकाळची हवा दम्याला वाईट." तो खूश झाला. म्हणाला, "मग हेच संमतीपत्रावर लिहू का?" मी म्हणालो, "लिहा की." त्यानं अटी लिहिल्या, सही केली.

मग मागच्या घरी गेलो. ते एसटीत ड्रायव्हर आहेत, जिभेला हाड नसलेला माणूस. मला बघून म्हणाले, "या शेठ, आज आमच्या दारात? बैल विकायचाय का बायकोनं धाडलं?"

मी हसून कागद पुढे केला. ते म्हणाले, "माझं काई न्हाई, पण मी नाईट मारून आलो की दुपारी झोपून राह्यतो. झोप न्हाई झाली तर पन्नास माणसं दरीत जातील."

"मंग दुपारी मशीन बंद," मी म्हणालो. "सकाळीच चालवू. आन् तुमच्या बाजूला पंखा न्हाई."

"लिहून द्या."

तेही लिहिलं.

मी फसवत होतो असं कुणी समजू नये. माझ्या डोक्यात सगळं बराबर ठरलेलं होतं. मशीनच्या खाली जाड रबर टाकणार होतो, खोलीला आतून अस्तर करणार होतो, आणि धूळ खेचायला छताच्या वर दोन पुरुष उंच पाइप नेणार होतो. मग सकाळ काय आणि दुपार काय, कुणाला काही कळलंच नसतं. पण तो माझा शेवटचा आकडा होता. तो मी हातात ठेवला होता.

तिसरं घर पूर्वेचं, सरांचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आम्ही दोघांनी एकाच वर्षी घर बांधलं. मध्ये कमरेएवढी भिंत आहे. सात-आठ वर्षं आम्ही रोज सकाळी त्या भिंतीच्या दोन अंगांना उभे राहून चहा प्यायलो. कप भिंतीवर ठेवायचे, ते पेपरातलं सांगायचे, मी बाजारातलं. शिकलेल्या माणसानं माझ्याशी असं बरोबरीनं बोलावं याचं मला आत कुठेतरी अप्रूप होतं. त्यांच्या अंगणातला कढीपत्ता भिंतीच्या मुळाशीच होता. आमच्या फोडणीला तोच.

सरांनी कागद वाचला, चष्मा सारखा केला आणि सही केली. त्यांच्या बायकोनं चहा आणला.

"सर, तुमचं काही? काही अडचण, काही अट?"

"कसली अट? बाई काम करून राह्यल्या, करू द्या की."

मी घरी आलो. सगळ्यात सोपी सही मिळाली होती आणि मला तीच बोचत होती. बाजारात जो काहीच मागत नाही त्याच्या पोटात काहीतरी असतं. तो पुढं, अडचणीच्या वेळी, दुप्पट मागतो. मला सुनावणीच्या दिवशी असा धक्का नको होता. दोन दिवस विचार करून मी ठरवलं, आपणच पुढं होऊन काहीतरी देऊन टाकावं, म्हणजे सही पक्की होईल. आणि माझ्याकडे द्यायला एक गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर कप ठेवला आणि म्हणालो, "सर, ही तुमची भिंत फूटभर माझ्या हद्दीत हाये. पण तुम्ही काळजी करू नका. मी ते कधी काढणार न्हाई. लिहून देतो."

मला वाटलं होतं ते खूश होतील. त्यांनी कप हातात घेतला आणि भिंतीकडे बघितलं.

"कोणती भिंत? ही?"

"हो. मोजणीच्या वेळीच मला दिसलं होतं."

"म्हणजे बांधली तेव्हापासून."

"हो."

"इतकी वर्षं आपण इथं रोज उभे राहतो." ते हळू बोलत होते, वर्गात एखाद्या पोराला समजावून सांगावं तसे. "आणि रोज तुम्हाला ते दिसत होतं."

"सर, मी तर सोडून देतो म्हणून राह्यलो."

"सोडून द्यायला आधी धरून ठेवावं लागतं, भाऊ."

ते म्हणाले, "माझ्या वडलांनी जन्मभर कागदावर अंगठा दिला. कशावर देतात ते त्यांना कळायचं न्हाई. मी सही करायला शिकलो ती कशाच्या बदल्यात द्यायला न्हाई. तो कागद मला परत द्या."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. घरात जाऊन कागद आणून त्यांच्या हातात द्यायला हवा होता. त्यांनी तो कदाचित दोन दिवसांनी पुन्हा दिलाही असता. पण माझं डोकं तापलं. एवढी चांगली गोष्ट देऊ केली आणि हा माणूस मलाच शिकवतो. मी म्हणालो, "सही झाली ती झाली. हातावर हात पडल्यावर मागं फिरत न्हाईत."

त्यांनी उरलेला चहा झाडाच्या मुळाशी ओतला आणि आत गेले. त्या दिवसापासून भिंतीवर त्यांचा कप दिसला नाही. हिला मी यातलं काही सांगितलं नाही. तिनं विचारलं, "सर दिसत न्हाईत सकाळी?" मी म्हणालो, "पाऊस हाये."

नोटीस लागली. मला खात्री होती की हरकत येणार नाही. तिन्ही घरांतून आल्या. पश्चिमेच्या पोरानं आणि ड्रायव्हरनं दिल्या त्या कशा, हे पुढं कळलं. गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीत दोघे शेजारी बसले होते. एक म्हणाला, आमच्याकडे मिरची दुपारीच टाकणार आहेत. दुसरा म्हणाला, दुपारी कसं काय, माझ्याशी तर सकाळचं ठरलंय. मग पंख्याचंही निघालं. दोघांनी खिशातून मोबाइल काढून आपापल्या कागदाचे फोटो एकमेकांना दाखवले. तिथेच सगळं संपलं होतं, फक्त मला माहीत नव्हतं.

सुनावणीला ही नवी साडी नेसून आली होती. अर्ज तिच्या नावानं होता. वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत टेबलाच्या पलीकडे साहेब बसले होते, अलीकडे आम्ही. पश्चिमेच्या पोरानं आपल्या आईलाही आणलं होतं. सर आले नव्हते.

साहेबांनी आधी पोराचं संमतीपत्र वाचलं, मग ड्रायव्हरचं. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. ड्रायव्हर म्हणाले, "शेठ, याला सकाळी बंद, मला दुपारी बंद. मंग मशीन चालणार कवा, ग्रहणात?"

मागे कुणीतरी हसलं. मी उठून उभा राहिलो आणि माझा शेवटचा आकडा काढला. रबर, अस्तर, छतावरचा पाइप, सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते. मला वाटलं, जमतंय.

ड्रायव्हर म्हणाले, "हे आधी का न्हाई सांगितलं?"

याला खरं उत्तर एकच होतं, आणि ते त्या खोलीत सांगता येण्यासारखं नव्हतं. मी भडकलो. सात वर्षं कुणाच्या हातचं तिखट खाल्लं, लग्नाला येसर कुणी दिलं, असलं काहीबाही बोलत सुटलो. साहेब म्हणाले, "खाली बसा." ही माझा सदरा ओढत होती.

तेवढ्यात पोराची आई बोलायला लागली. म्हातारी फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "साहेब, ही पोरगी मिरची टाकते तवा मी देवळात असते. आजचं न्हाई, सात वर्षं झाले. मी सकाळी काठी घेऊन निघाले की ही मशीन सुरू करते आन् मी माघारी यायच्या आत ओटा पाण्यानं धुऊन काढते. एक डाव मला देवळात चक्कर आल्ती, मी जल्दी घरी आले, तर हिनं बायकांचे डबे तसेच ठेवले आन् मशीन बंद केलं. मला काईच तरास न्हाई. ह्यांनी दुपारी टाकायचं कशाला ठरवलं? दुपारी तर मी घरीच पडून असते."

तिच्या मुलानं तिच्याकडे असं बघितलं, जसं काही आपल्या घराची एक खोली त्याला आज दिसली. तो सकाळी आठला कंपनीत जाणारा माणूस.

साहेबांनी हिला विचारलं, "हे खरं आहे का?"

"हो साहेब."

"आणि यांच्या दुपारच्या झोपेचं?"

हिनं ड्रायव्हरकडे बघितलं नाही, मान खाली घालून सांगितलं, "हे झोपले की वहिनी मागच्या दोरीवर लाल टॉवेल टाकतात. तो दिसला की मी मशीन लावत न्हाई. तवर निवडायचं, भाजायचं काम करते."

ड्रायव्हर टेबलावरच्या आपल्याच सहीकडे बघायला लागले. तो टॉवेल मीही हजार वेळा पाहिला होता.

साहेब म्हणाले, "मग हेच सरळ लिहून का नाही दिलं?"

मी माझ्या चपलांकडे बघत होतो. मला वाटलं, ती आता सांगेल, मी यांना जास्ती बोलू नका म्हणाले होते. तेवढं बोलली असती तरी पुरे होतं. ती म्हणाली, "न्हाई सुचलं साहेब."

मग सरांचं पत्र वाचलं गेलं. चार ओळी होत्या, अक्षर फळ्यावर काढावं तसं. बाईंच्या कामाला माझा विरोध नाही, परंतु माझी संमती देवाणघेवाणीचा भाग समजली गेल्यामुळे ती मी मागे घेत आहे. हिनं माझ्याकडे बघितलं. तिला काहीच माहीत नव्हतं.

साहेबांनी म्हातारीचं म्हणणं नोंदवून घेतलं, पण म्हणाले, हरकत तुमच्या मुलाच्या नावानं आहे, त्याला मागं घ्यायची असेल तर त्यानं सांगावं. पोरगा बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसला. शेवटी म्हणाला, "काकूंबद्दल काही नाही साहेब. पण परवानगी कागदावर मिळाली की पुढचं सगळं काका ठरवणार. त्यांच्या बोलण्यावर मी आता कसा भरवसा ठेवू?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आजही वाटते. एवढं मी लपवत नाही. पण तो चुकीचं काही बोलला, असं मला अजून सापडलेलं नाही.

परतताना मोटारसायकलवर ती मागे बसली होती. मोतीबागेच्या तळ्यापाशी म्हणाली, "सरांचं काय झालं?" मी भिंतीचं सांगितलं. गाडीच्या आवाजात मला दोनदा सांगावं लागलं.

"मी रोज त्या भिंतीवरून हात घालून कढीपत्ता तोडते," ती म्हणाली.

महिन्याभरानं नामंजुरीचं पत्र आलं. चालू असलेलं मशीनही पंधरा दिवसांत बंद करावं, असं त्यात होतं. मी वकील करतो म्हणालो, अपील करतो म्हणालो. ती म्हणाली, "कुणाविरुद्ध?"

दिवाळीनंतर सरांनी गवंडी लावला. रीतसर मोजणी करून घेतली होती त्यांनी, आणि फूटभर खरंच माझं निघालं. त्यांनी भिंत पाडली आणि त्यांच्या अंगणात फूटभर आत नवी घेतली, माझ्या डोक्याच्या वर जाईल एवढी. पाया खणताना कढीपत्ता गेला. मी पहिल्या दिवशी बाहेर जाऊन म्हणालो, "सर, कशाला? मला नको हाये ती जागा." ते विटा मोजत होते. म्हणाले, "तुमची आहे, घ्या." बरोबर माणसानं बरोबर केलं, आणि तरी मला ते सहन होत नाही. त्या पट्ट्यात काही लावायचा मला धीर झाला नाही. ही तिथं धुणीसुद्धा वाळत घालत नाही.

मशीन विकत घ्यायला तीर्थपुरीची एक बाई आली, नवऱ्याला घेऊन. मी ओट्यावर येऊन बसलो, तर ही मला म्हणाली, "ह्या वेळी तुम्ही आत बसा." लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तिनं मला असं कधी सांगितलं नव्हतं. मी आत बसलो. खिडकीतून ऐकू येत होतं. त्या बाईनं जो भाव सांगितला त्याला ही हो म्हणाली, आणि चाळण्या वर फुकट दिल्या. मग दोन दिवस त्या बाईला ठेवून घेतलं. येसराला किती भाजायचं, मिरचीचे देठ कसे काढायचे, मशीन तापलं की कसं थांबायचं, एकामागून एक घरांचे मसाले टाकताना मध्ये कसं पुसून घ्यायचं, सगळं दाखवलं. ती बाई म्हणाली, "मावशी, तुम्ही तर माहेरी ठेवल्यावानी ठेवलं." ही हसली.

टेम्पोत मशीन चढलं तेव्हा ही दारात आली नाही. आत बसून कुणाचा तरी राहिलेला डबा फडक्यानं पुसत होती.

तिनं मला दोष दिला नाही. मी वाट बघत होतो. भांडण मला जमतं, भांडणात मी कधी हरलो नाही. ती एकदा बोलली असती तर मी चार बोललो असतो, मग आम्ही दोघं रडलो असतो, काहीतरी झालं असतं. ती वेळेवर जेवायला वाढते. लेकीचा फोन आला की नीट बोलते. पुढच्या खोलीत आता माझी मोटारसायकल असते. धपधप नाही, शिंका नाहीत. फाल्गुनात पहिले काही दिवस बायका डबे घेऊन यायच्या, लांबच्या, ज्यांना कळलेलं नव्हतं. ही त्यांना पाणी द्यायची आणि कुठं जायचं ते सांगायची.

या उन्हाळ्यात आमच्या घरची मिरची तिनं नेहमीसारखी वाळवली, निवडली, मसाले भाजले. डबा भरून फडकं बांधलं आणि म्हणाली, "चला."

मी तिला जुन्या जालन्यात एका कांडपावर घेऊन गेलो. गल्ली अरुंद, रिक्षा, धान्याची पोती उतरतायत, ऊन डोक्यावर. अकरा बायका पुढे होत्या. ही रांगेत बसली. एका बाईनं ओळखलं.

"काकू, तुम्ही इथं?"

"आले बाई. तुमचं झालं का?"

"माझा तिसरा नंबर. काकू, तुमच्यासारखं न्हाई हो होत ह्यांच्याकडं."

"होतं की," ही म्हणाली.

मी समोरच्या दुकानाच्या सावलीत उभा होतो. हिचा नंबर आला. तो माणूस घाईत होता. त्यानं आधीच्या बाईचं तिखट काढलं आणि न पुसता हिची मिरची ओतली. मशीन सकाळपासून तापलेलं होतं, हे मला गल्लीच्या पलीकडून वासावरून कळलं. एवढं तर मीही सात वर्षांत शिकलो होतो. मिरची करपत होती. मी रस्ता ओलांडून गेलो. त्याला मशीन बंद कर म्हणणार होतो, त्याच्या धंद्याची लाज काढणार होतो. तोंड उघडलं तेवढ्यात हिनं माझी बाही धरली.

"त्याचं मशीन हाये," ती म्हणाली. "राहू द्या."

परतताना डबा तिनं मांडीवर धरला होता. त्याची ऊब मला पाठीला लागत होती. घरी आल्यावर तिनं झाकण काढलं, वास घेतला, झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला.

सध्या आम्ही तेच तिखट खातो. थोडं कडवट लागतं. मी काही म्हणत नाही.